मुक्ताच्या डोक्याची उजवी बाजू

डॉक्टरांनी मुक्ताच्या डोक्याला कॅलिपर लावला. आधी एका तिरप्या रेषेत, मग दुसऱ्या. दोन आकडे कागदावर लिहिले आणि खाली रेघ मारून वजाबाकी केली.

"चौदा मिलिमीटर," त्या म्हणाल्या. "पोझिशनल प्लेजिओसेफली. मॉडरेटच्या पुढे, सिव्हिअरच्या जवळ."

मुक्ता, आमची मुलगी, तेव्हा साडेचार महिन्यांची होती. तिला लस द्यायला म्हणून आणलं होतं. मी एका कारखान्यात तपासणी विभागात काम करतो, कॅलिपर माझ्या रोजच्या हातातला. आमच्याकडे मिलिमीटरच्या शंभराव्या भागावरून माल परत जातो. मी कागदावरची वजाबाकी मनात पुन्हा करून पाहिली. चौदाच. माझी बायको अश्विनी बाळाला छातीशी धरून खुर्चीत बसली होती. तिने फक्त बाळाच्या डोक्यावर हात ठेवला. उजवीकडे, मागे.

ज्यांच्या घरी आज असंच काही निघालं असेल, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. नाव अवघड आहे, म्हणून आधी अर्थ सांगतो. प्लेजिओसेफली म्हणजे तिरपं झालेलं डोकं. पोझिशनल म्हणजे एकाच बाजूवर झोपल्यामुळे किंवा दाबल्यामुळे झालेलं. लहान बाळाची कवटी मऊ असते, एकाच जागी भार आला की तिथे सपाट होते. मुक्ताचं डोकं मागून उजवीकडे सपाट होतं, उजवा कान डाव्यापेक्षा पुढे सरकला होता आणि कपाळही उजवीकडे थोडं पुढे आलं होतं. समोरून फारसं कळायचं नाही. आंघोळीनंतर केस ओले असताना वरून पाहिलं की कळायचं.

दुसरा एक आजार असतो, क्रेनिओसिनॉस्टोसिस. कवटीच्या हाडांमधल्या शिवणी वेळेआधी जुळून जातात. त्याला ऑपरेशन लागतं. डॉक्टरांनी बोटांनी चाचपून पाहिलं, शिवणी मोकळ्या लागत होत्या. तरी खात्रीसाठी सोनोग्राफी सांगितली. ती म्हैसूरच्या नजरबाद भागातल्या एका सेंटरमध्ये झाली. रिपोर्ट यायला दोन दिवस लागले. रिपोर्ट चांगला आला. मेंदूला काही धोका नाही, हा सगळा प्रश्न आकाराचा आहे, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

मग त्या फाईल चाळता चाळता थांबल्या.

"ट्विन्स होते?"

"हो," अश्विनी म्हणाली.

"दुसरं बाळ?"

अश्विनीने मान हलवली. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. त्या म्हणाल्या, "जुळ्यांना आत जागा कमी पडते. कधीकधी डोकं तिथेच दाबलं जातं. पण इथे नक्की तेच कारण असं मी म्हणणार नाही. तिची मानही एका बाजूला आखडलेली आहे, आणि ती सतत उजवीकडेच बघते."

मी चारही वाक्यं ऐकली. अश्विनीने, मला वाटतं, पहिली दोनच ऐकली.

इथे मागचं थोडं सांगायला हवं. मी मूळचा सांगलीचा, नोकरीसाठी वीस वर्षांपूर्वी म्हैसूरला आलो. अश्विनीचं माहेर इथलंच, अग्रहारातलं. लग्नानंतर बारा वर्षांनी, उपचार घेऊन, दिवस राहिले. जुळं होतं. सातवा महिना सरत असताना एका तपासणीत मुलाच्या हृदयाचे ठोके सापडले नाहीत. दोघांची वार वेगळी असल्यामुळे मुलीला धोका कमी होता. मुलगी लहान आहे, तिला जितके दिवस आत मिळतील तितके मिळू दे, असं ठरलं. पुढचे पाच आठवडे अश्विनी दोघांना घेऊन हिंडत होती. मुक्ता त्या जागेत त्याच्याजवळच वाढली. मग सिझेरियन झालं. मुलाला मी आणि माझ्या मेव्हण्याने नेऊन पुरलं. अश्विनीने त्याला एकदा पाहिलं. मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

मानेसाठी डॉक्टरांनी आम्हाला फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. मानेचा एका बाजूचा स्नायू आखूड राहतो, त्याला टॉर्टिकॉलिस म्हणतात. मुक्ताचा डावा स्नायू आखूड होता, त्यामुळे तोंड उजवीकडे वळायचं आणि भार उजवीकडे पडायचा. फिजिओ तिशीच्या आतली, बोलकी मुलगी होती. तिने विचारलं, "पाळण्यात कशी झोपते? फोटो आहे?"

फोटो माझ्या फोनमध्ये होता. तिने तो मोठा केला, आणि हसून कन्नडमध्ये म्हणाली, "अरे, दोघं आहेत की! दुसऱ्याला का नाही आणलं?"

फोटोत मुक्ता तोंड उजवीकडे करून झोपली होती. तिच्या शेजारी दुपट्यातून लाल टोपडं वर आलं होतं.

"तो दगड आहे," मी म्हणालो.

अश्विनीच्या माहेरी बारशाला एक पद्धत आहे. बाळाला पाळण्यात घालण्याआधी वरवंट्याला धुऊन, हळदकुंकू लावून, टोपडं घालून नटवतात. त्याला गुंडप्पा म्हणतात. बायका त्याला पाळण्याच्या खालून-वरून एकमेकींच्या हातात देतात, मग पाळण्यात निजवतात. हा बाळाचा थोरला भाऊ, बाळ त्याच्यासारखं दणकट होवो, असा त्यामागचा भाव. आमच्या सांगलीकडेही थोड्याफार फरकाने असंच करतात. दुसऱ्या दिवशी वरवंटा पाट्यावर परत जातो.

आमच्या सासूबाईंनी मूळ दोन टोपडी शिवली होती, दोन्ही लाल, जरीच्या काठाची. बारशाला एक मुक्ताच्या डोक्यावर होतं. दुसरं त्यांनी गुंडप्पाला घातलं. खोलीतल्या बायकांनी त्याला तसाच हातोहात देऊन पाळण्यात निजवला. दुसऱ्या दिवशी सासूबाई वरवंटा उचलायला गेल्या तेव्हा अश्विनी म्हणाली, "राहू दे." राहिला. चटणी मिक्सरमध्येच होते, वरवंट्यावाचून कुणाचं काही अडलं नाही. दुपट्यात गुंडाळून, लोळू नये म्हणून एका बाजूला घडीची दुलई लावून, तो पाळण्याच्या उजव्या अंगाला मुक्ताच्या शेजारी चार महिने होता. जरीवर उजेड पडायचा. मुक्ता जागी झाली की त्याच्याकडे बघत पडून राहायची, रडायची नाही. शहाणं बाळ, असं आम्ही सगळ्यांना सांगायचो.

फिजिओचं हसू गेलं. ती म्हणाली, "सर, पाळण्यात इतकी जड वस्तू अजिबात नको. आजच काढा. आणि ती बघते म्हणून तिची मान तिकडेच राहते."

 घरी आल्यावर अश्विनी म्हणाली, "मी काढणार नाही. तुम्हीही हात लावायचा नाही."

संध्याकाळी सासूबाई आल्या. चार पिढ्या म्हैसुरात गेलेल्या, त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पाळण्यापाशी बसल्या.

"अश्विनी, गुंडप्पाला मी घरी नेऊ?"

"नको."

"बरं, नको. सुम्ने विचारलं, उगीच. मग असं कर, त्याला बाहेर बसव. तिकडे, डावीकडच्या फळीवर. पापूला, बाळाला, त्याला बघायचं असेल तर बघेल मान वळवून. नुसतं पडल्या पडल्या सगळं कसं मिळेल?"

अश्विनीने स्वतः त्याला उचललं आणि डाव्या भिंतीच्या फळीवर ठेवलं. टोपड्यासकट. मुक्ता त्या दिवशी पहिल्यांदा पाळण्यात रडली. मान वळवता येईना आणि तो दिसेना. ते रडणं ऐकायला कठीण होतं. अश्विनी दाराला टेकून उभी राहिली, पण तिने त्याला परत ठेवलं नाही.

सहा आठवडे मानेचे व्यायाम केले. जागी असताना पालथं घालायचं, त्याला टमी टाइम म्हणतात. झोपवायचं मात्र पाठीवरच, ते डॉक्टरांनी दोनदा बजावलं. मान सुटली. मुक्ता फळीकडे बघून हसायला लागली. पण डोक्याचा फरक तेराच्या खाली येईना.

डॉक्टरांनी दोन्ही बाजू सांगितल्या. पुष्कळ मुलांचं डोकं बसायला-रांगायला लागल्यावर बरंचसं सुधारतं, काही डॉक्टर वाटच बघा म्हणतात. फरक मोठा असेल तर हेल्मेट वापरतात. ते वापरायचं तर डोकं वेगाने वाढत असतानाच, म्हणजे पहिल्या वर्षात, आणि सहाव्या महिन्याच्या आसपास सुरू केलं तर चांगलं. मुक्ता सहा महिन्यांची झाली होती. "निर्णय तुमचा," त्या म्हणाल्या.

मला हेल्मेट हवं होतं. अश्विनीला नको होतं. मला वाटलं, ती तापाला, घामाला भीत असेल. मी मुद्दे मांडू लागलो. तिने मला मध्येच थांबवलं.

"अहो, तिथे तो टेकला होता. पाच आठवडे. त्याचं दुसरं काय आहे आपल्याकडे? फोटो नाही, नाव नाही. ती जागा त्याची आहे. ती पुसायला मी पैसे भरू?"

डॉक्टरांनी मानेचं कारण सांगितलं होतं, फिजिओने पाळण्याचं. मी ते तिला पुन्हा सांगितलं नाही. चौदातले किती आतले आणि किती नंतरचे, हे मोजायचं साधन कुणाकडेच नव्हतं.

सासूबाईंचा विरोध निराळा होता. "अय्यो, टोप कशाला? तेल लावून तळव्याने रोज वळलं की गोल होतं. या घरातली सगळी डोकी मीच वळली आहेत. जावईबापू, तुमचं तेवढं आमच्या हाती उशिरा लागलं." माझं डोकं मागून चपटं आहे, हे मला लग्नात कळलं होतं. अश्विनीसुद्धा हसली, कितीतरी दिवसांनी. डॉक्टरांनी मात्र दाबायला सक्त मनाई केली होती. हे मी इथे मुद्दाम लिहितो: तेल लावा, पण वळवायला म्हणून जोर लावू नका.

शेवटी अश्विनी एवढंच म्हणाली, की बंगळूरला जाऊन हेल्मेट बनवणाऱ्या माणसाला भेटू या, बाकी काही कबूल नाही.

ऑर्थोटिस्ट म्हणजे शरीराला लागणारे पट्टे, आधार, हेल्मेट बनवणारा तज्ज्ञ. पन्नाशीचे, हळू बोलणारे गृहस्थ होते. मुक्ताच्या डोक्यावर पातळ मोजा चढवून त्यांनी सभोवार स्कॅनर फिरवला. मिनिटभरात पडद्यावर तिचं डोकं आलं, करड्या रंगाचं, बिनचेहऱ्याचं. अश्विनीने नजर वळवली. मी बघत राहिलो. उजवीकडची सपाटी त्यावर इतकी स्पष्ट होती, की कुणी हात ठेवून नुकताच उचलला असावा असं वाटत होतं.

अश्विनीने विचारलं, "हे तिथे दाबणार का?"

"नाही अम्मा. दाबत कुठेच नाही. जिथे डोकं पुढे आलंय तिथे हेल्मेट फक्त टेकतं. सपाट बाजूला आम्ही हातसुद्धा लावत नाही. तिथे जागा रिकामी ठेवतो. डोकं वाढताना आपणहून तिकडे जातं."

"किती रिकामी?"

त्यांनी स्वतःची करंगळी आडवी धरली. "सुरुवातीला एवढी."

अश्विनी त्या करंगळीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बनवा."

व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. हेल्मेट दिवसाचे तेवीस तास घालायचं असतं, पण पहिल्या आठवड्यात तास हळूहळू वाढवत न्यायचे. उरलेल्या तासात डोकं धुवायचं, हेल्मेट आतून पुसून वाळवायचं. काढल्यावर कातडीवर लाल डाग दिसतील, ते तासाभरात गेले तर ठीक, नाही गेले तर हेल्मेट न घालता फोन करायचा. पहिले दिवस बाळ घामाने भिजतं. वास येतो, कितीही पुसलं तरी येतो. ताप असेल तर काढून ठेवायचं. बाळ तीन-चार दिवसांत सरावतं, आईबापांना जास्त वेळ लागतो.

लोक विचारतात, त्याचीही तयारी ठेवा. चामराजपुरमच्या आमच्या रस्त्यावर संध्याकाळी तिला घेऊन निघालो की प्रत्येक फाटकातून प्रश्न यायचा. पडली का? ऑपरेशन झालं का? कोपऱ्यावरचे निवृत्त मास्तर रोज तोच विनोद करायचे: "मगळे, स्कूटर कुठे ठेवलीस?" मगळे म्हणजे पोरी. मला ते आवडायला लागले, कारण त्यांना कीव करता येत नव्हती.

घरात मात्र ते चार महिने वेगळे गेले. दुपारी सगळं शांत झालं की हेल्मेट पाळण्याच्या लाकडाला लागायचं. टक. थोड्या वेळाने पुन्हा टक. मुक्ता झोपेत डोकं हलवायची. रविवारी मी घरी असताना एकदा अश्विनी तांदूळ निवडता निवडता थांबली.

"ऐकलंत? एक डावीकडून, एक उजवीकडून."

"दोन्हीकडे तीच लागते."

"हो. तेव्हाही डॉक्टर हेच म्हणाले होते. तो गेल्यावरसुद्धा मला दोन्ही बाजूंनी लाथा लागायच्या. म्हणाले, एकच आहे, तीच फिरते." ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली. "असेल. मी कधी नाही म्हटलं?"

मी पाळण्यापाशी जाऊन बघून आलो. मुक्ता गाढ झोपली होती, पाळण्याच्या डाव्या कडेला. उजवा अर्धा पाळणा रिकामा होता. आम्ही तिला मधोमध ठेवायचो. ती सरकत तिथेच जायची.

दर पंधरवड्याला बंगळूरहून माणूस म्हैसूरला यायचा, हेल्मेटची आतली फोमची बाजू थोडी घासून द्यायचा आणि मोजायचा. अकरा. नऊ. मला आकडा ऐकून पेढे वाटावेसे वाटायचे. अश्विनी आकडा ऐकायची नाही. हेल्मेट मुक्ताच्या डोक्यावर असताना ती मागून करंगळी आत घालून बघायची. पहिल्या महिन्यात ती सहज जायची. मग टेकून जायला लागली. तिसऱ्या महिन्यात एका तपासणीनंतर, दवाखान्याच्या पायऱ्यांवर, तिने बोट घालून पाहिलं आणि ते गेलं नाही.

ती पायरीवर बसली. येणारे जाणारे बघत होते. मी मुक्ताला घेऊन शेजारी बसलो.

"भरलं," ती म्हणाली. तिला रडू येत होतं, आणि ती मुक्ताचा पाय हातात धरून हसतही होती. इतक्या महिन्यांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. मुलाला पुरून आलो त्या दिवशीही नाही. मला त्या क्षणी कोणता आकडा चालला आहे हे आठवेना. मीही रडलो. त्या दिवशी मी तिला पहिल्यांदा विचारलं, तो कसा दिसत होता. मी त्याला गुंडाळलेलाच पाहिला होता. ती म्हणाली, "मुक्तासारखाच. कान मोठे होते. तुमचे." आम्ही बराच वेळ तिथे बसलो.

मुक्ता दहा महिन्यांची झाली तेव्हा शेवटचं मोजमाप झालं. फरक पाच मिलिमीटर. ऑर्थोटिस्ट स्वतः आले होते. म्हणाले, "इतका फरक चारचौघांतही सापडतो. केस आले की दिसणार नाही. हवं तर आणखी महिनाभर घालू, एखादा मिलिमीटर निघेल. डोक्याची वाढ आता मंदावली आहे."

दोघेही माझ्याकडे बघत होते. आकड्यांचं मी बघतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्या कामाच्या हिशोबात पाच मिलिमीटर म्हणजे अख्खी खेप परत. मी अश्विनीकडे पाहिलं. तिचा हात मुक्ताच्या डोक्यावर होता.

"राहू दे," मी म्हणालो.

अश्विनीने माझ्याकडे मान वर करून पाहिलं. मग ऑर्थोटिस्टना म्हणाली, "ते म्हणतात तसंच."

त्या डॉक्टरांचे, फिजिओचे, ऑर्थोटिस्टचे आम्ही ऋणी आहोत. वाचणाऱ्या आईबापांना एवढंच सांगेन: बाळ एकाच बाजूला बघत असेल तर लवकर दाखवा, पाळण्यात बाळाशिवाय काही ठेवू नका, आणि घरात कोणी हेल्मेटला नाही म्हणत असेल तर का म्हणतं ते विचारा. उत्तर ऐकायला वेळ काढा. आम्हाला तो दवाखान्याच्या पायरीवर मिळाला.

मुक्ता आता चालते. डोकं गोल दिसतं. तिला न्हाऊ घालण्याचं काम रविवारी माझ्याकडे असतं. केस ओले झाले की उजवीकडे मागे तळवा ठेवतो तेव्हा किंचित सपाट लागतं, अजून. मी कॅलिपर लावलेला नाही. तिथे पाणी जरा जपून घालतो.